डीसीसी मांडणीवर प्रवासी डब्यांचे दिवे : लखलखाट कमी केला की लुकलुकही थांबते

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. आपल्याकडे मॉडेल रेल्वेची डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवणारी) मांडणी आणि एचओ (१:८७) मापाचे, आयसीएफ या भारतीय रेल्वेच्या जुन्या पद्धतीचे सहा डबे आहेत. मीटरवर मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी आपण ब्रिज रेक्टिफायरमधून (उलटसुलट वीज एकाच दिशेची करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतून) थेट रुळांना जोडली आहे. दिवे डोळ्यांना खुपतील इतके प्रखर लागतात आणि तरीही गाडी सांध्यांवरून (एका रुळावरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागांवरून) जाताना लुकलुकतात. लुकलुक थांबावी म्हणून आपण प्रत्येक डब्यात १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) बसवला, तरी ती पूर्ण गेली नाही, उलट आता वीज सुरू करताच कमांड स्टेशनला (रुळांना वीज आणि आज्ञा देणाऱ्या यंत्राला) शॉर्टसर्किटचा भास होतो आणि ते पुरवठा तोडते. प्रत्येक डब्यात डिकोडर बसवल्यास हे सारे मिटेल काय, असे आपण शेवटी विचारले आहे.

डिकोडरने यातले काहीही मिटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. डिकोडर दिवे चालू-बंद करण्यासाठी असतो आणि त्याच्याकडे मी शेवटी येईन. आपल्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : आपल्या प्रत्येक डब्यातून गरजेच्या पंचवीसपटीहून अधिक वीज वाहते आहे.

हे कसे, ते पाहण्यासाठी प्रथम रुळांवर काय असते ते लक्षात घेऊ. जुन्या ॲनालॉग पद्धतीत रुळांवरचा विद्युत दाब (व्होल्टेज) गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असे, त्यामुळे गाडी स्थानकात थांबली की डब्यांतले दिवे विझत. डीसीसीत मात्र गाडी उभी असो वा धावती, रुळांवर दाब पूर्ण असतो. एचओ मांडणीवर तो साधारण १४ ते १६ व्होल्टच्या दरम्यान ठेवलेला असतो. हा दाब एकाच दिशेचा नसून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारी चौकोनी लहर असते. ‘१’ या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा आणि ‘०’ या बिटचा १०० मायक्रोसेकंदांचा किंवा त्याहून लांब असतो. घरगुती ५० हर्ट्झसाठी बनवलेला साधा मल्टिमीटर एसीवर लावून ही लहर मोजली तर आकडा चुकीचा येण्याचा संभव अधिक, म्हणून मोजमाप नेहमी ब्रिजच्या पुढे, डीसीवर आणि पट्टी पेटलेली असताना करावे. पुढच्या हिशेबाला तोच आकडा लागतो. पांढरी एलईडी उलट दिशेने जेमतेम ५ व्होल्ट सोसते, त्यामुळे ब्रिज वगळून पट्टी रुळांना जोडणे म्हणजे ती जाळणेच होय. ती चूक आपण केलेली नाही, हे उत्तम. ब्रिजसाठी शॉटकी डायोड वापरल्यास अधिक चांगले. ते या जलद लहरीला सहज साथ देतात आणि साध्या डायोडांच्या जोडीत जाणाऱ्या १.४ व्होल्टपैकी निम्मा दाब वाचवतात. तथापि केवळ तेवढ्यासाठी चालू असलेला ब्रिज उखडून काढण्याची गरज नाही.

आता हिशेब. रुळांवर १५ व्होल्ट धरले तर ब्रिजच्या पुढे १३.६ व्होल्ट उरतात. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत तीन-तीन एलईडींचे गट असतात, दर ५ सेंटिमीटरवर कापण्याची खूण असते आणि प्रत्येक गटात बहुधा १५० ओहमचा रेझिस्टर असतो. पूर्ण प्रकाशात तीन एलईडींवर मिळून सुमारे ९.३ व्होल्ट पडतात. उरलेल्या ४.३ व्होल्टला १५० ने भागले की एका गटातून २८ मिलिअँपिअर वाहतात. पट्टी जेवढ्यासाठी बनवली आहे त्याहूनही हे जास्त आहे. आयसीएफ डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात साधारण २४.५ सेंटिमीटर भरते आणि त्यात २० सेंटिमीटरची, चार गटांची पट्टी नीट बसते. चार गटांचे मिळून सुमारे ११५ मिलिअँपिअर होतात आणि सहा डब्यांचे जवळजवळ ०.७ अँपिअर. एका चांगल्या इंजिनाला लागेल त्याहून अधिक वीज आपण नुसत्या दिव्यांवर खर्च करीत आहात.

या पट्ट्या दुकानांच्या पाट्यांसाठी आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यांवर लावण्यासाठी बनलेल्या असतात. हाताएवढ्या डब्यासाठी एका गटाला १ मिलिअँपिअर पुरेसा होतो आणि पुष्कळदा त्याहूनही कमी चालतो. एवढ्या कमी विजेवर एलईडीवरचा दाबही उतरून सुमारे २.७ व्होल्ट होतो, म्हणजे तिघींचे मिळून ८.१. चार गटांना मिळून ४ मिलिअँपिअर हवे असतील, तर ब्रिज आणि पट्टी यांच्यामध्ये सुमारे ५.४ व्होल्ट अडवणारा एक रेझिस्टर हवा, म्हणजे साधारण १३०० ओहमचा. बाजारात १.२ किंवा १.५ किलोओहम सहज मिळतो. त्यात उष्णता नाममात्र निर्माण होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर निर्धास्त चालतो. नेमका आकडा कागदावर ठरवण्यापेक्षा मी एका डब्यात ५ किलोओहमचा ट्रिमर (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) तात्पुरता लावतो, खोलीतले दिवे घालवतो आणि डबा मांडणीवर ठेवून हाताच्या अंतरावरून नव्हे, तर दोन-अडीच मीटर लांबून पाहत प्रकाश उतरवत जातो. ट्रिमर सुरुवातीला पूर्ण रोधावर फिरवून ठेवावा. खिडक्यांआधी आतली बाके दिसू लागली, की तिथे थांबतो. मग ट्रिमर काढून त्याचा रोध मोजायचा आणि त्याच्या जवळचा स्थिर रेझिस्टर सहाही डब्यांत बसवायचा. सहाही पट्ट्या एकाच रिळातून कापलेल्या असाव्यात, नाहीतर रंगातला फरक गाडी धावताना लगेच दिसतो.

रंगाचे बोललोच आहे तर थोडे विषयांतर. शीतपांढरी पट्टी जुन्या विटकरी रंगाच्या डब्यात लावलेली पाहिली की मला दवाखान्याची आठवण होते. त्या काळातल्या बल्बांचा पिवळसर उजेड हवा असेल तर २७०० ते ३००० केल्विनची पट्टी घ्यावी. ट्यूबलाइटच्या काळातल्या निळ्या डब्यांना ४००० केल्विनच्या आसपासची शोभते आणि अगदी पांढराशुभ्र प्रकाश एलएचबी या नव्या पद्धतीच्या डब्यांसाठी राखून ठेवावा. घेतलेली पट्टी फारच पांढरी निघाली तर प्रत्येक एलईडीवर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात द्यावा. पट्टी फेकण्याची गरज नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छताला आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. पातळ प्लास्टिकमधून प्रकाश झिरपून सबंध डबा कंदिलासारखा उजळणे हा दोष फार ठिकाणी दिसतो आणि तो केवळ दिवा मंद करून पूर्ण जात नाही. छत आणि भिंत यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसत असेल तर तिथे काळ्या फोमची बारीक पट्टी लावावी.

आता लुकलुक. कपॅसिटरमधली वीज किती वेळ पुरेल हे काढण्याचे गणित सोपे आहे : फॅरडमधल्या क्षमतेला दाबातल्या चालणाऱ्या घसरणीने गुणावे आणि वाहणाऱ्या विजेने भागावे. ३ व्होल्टची घसरण डोळ्याला फारशी जाणवत नाही असे धरू. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या सध्याच्या ११५ मिलिअँपिअरला सुमारे १२ मिलिसेकंद पुरतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. तोच कपॅसिटर ४ मिलिअँपिअरला सुमारे ३५० मिलिसेकंद पुरतो आणि तेवढ्या वेळात डबा सांध्याचा प्लास्टिकचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो वीज नसलेला भाग) सहज ओलांडून जातो. कपॅसिटर तोच, रूळ तेच, चाकेही तीच, आणि टिकाव सुमारे तीसपट. आपण १००० मायक्रोफॅरड बसवूनही लुकलुक का उरली, याचे उत्तर यात आहे. आपण टाकी मोठी केली, पण नळ पूर्ण उघडाच ठेवला.

म्हणून १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे बसवावेत. २५ व्होल्टपेक्षा कमी दर्जाचा घेऊ नये, १६ व्होल्टचा तर अजिबातच नको, कारण रुळांवरचा दाब त्याच्या अगदी काठावर जातो. ॲल्युमिनियमचा साधा इलेक्ट्रोलिटिक चांगला. टँटलम आकाराने लहान असला तरी अचानक येणाऱ्या विजेच्या लोंढ्याने तो आतून शॉर्ट होऊ शकतो आणि प्लास्टिकच्या बंद डब्यात ती जोखीम नको. पट्टा छापलेली बाजू ऋण असते. उलटी जोडणी केल्यास तो फुटतो. ठेवायचा कुठे, हा प्रश्न आयसीएफ डब्यात आपोआप सुटतो. दोन्ही टोकांना स्वच्छतागृहे असतात, त्यांच्या खिडक्या धुरकट असतात आणि आडवा ठेवलेला कपॅसिटर तिथे कोणाच्या नजरेस पडत नाही.

पुरवठा तुटण्याचे कारणही आता उघड आहे. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो आणि आपण असे सहा एकाच वेळी रुळांवर टाकता. कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घातला की एका डब्याची सुरुवातीची ओढ सुमारे १३६ मिलिअँपिअरवर थांबते. सहा डब्यांची मिळून ती ०.८ अँपिअर होते आणि एका सेकंदाच्या छोट्याशा अंशात ओसरते. कमांड स्टेशन लहान असेल तर २२० ओहम घालावा. अनेक आराखड्यांत या रेझिस्टरला समांतर एक डायोड दाखवलेला असतो, जेणेकरून कपॅसिटर रिकामा होताना वीज रेझिस्टर टाळून जाईल. मोठ्या भाराला तो हवाच, पण ४ मिलिअँपिअरवर १०० ओहममध्ये पडतात ०.४ व्होल्ट आणि साध्या डायोडमध्ये पडतील ०.६ ते ०.७. अशा वेळी डायोड घालणे म्हणजे निव्वळ हौस. मी तो घालत नाही.

एवढे सगळे केले तरी कपॅसिटर ही उसनवारी आहे. डबा रुळांवरून वीज नीट उचलतच नसेल तर ती फार काळ चालत नाही, आणि या विषयातला खरा घाम चाकांपाशी गाळावा लागतो. शब्दाचा घोळ टाळण्यासाठी सांगतो : आपल्याकडे बोलताना सबंध डब्यालाच ‘बोगी’ म्हणतात, म्हणून डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याला मी रेल्वेवाल्यांप्रमाणे ट्रॉली म्हणतो. चाके प्लास्टिकची असतील तर ती बदलून धातूची घ्यावीत. अशा चाकजोडीत एक चाक आसाशी विजेने जोडलेले आणि दुसरे विजेपुरते विलग केलेले असते. केवळ आसावरून वीज उचलायची ठरवली तर एका ट्रॉलीतल्या दोन्ही जोड्यांची विलग बाजू डावीकडे आणि दुसऱ्या ट्रॉलीतल्या दोन्हींची उजवीकडे हवी. एकच जोडी उलटी बसली की थेट शॉर्ट. शिवाय प्रत्येक रुळाला दोनच चाके आणि तीही एकाच ट्रॉलीतली मिळतात, म्हणजे ती ट्रॉली फ्रॉगवर गेली की डबा अंधारात. त्यापेक्षा फॉस्फर ब्राँझची बारीक तार प्रत्येक चाकाच्या पाठीला हलके टेकवून आठही चाकांवरून वीज घ्यावी. मग प्रत्येक रुळाला चार चाके मिळतात आणि ती डब्याच्या दोन्ही टोकांत विभागलेली असतात.

तार टेकवण्याचा दाब हाच या कामातला हातखंडा आहे. जास्त दाबली तर चाक अडते आणि सहा डब्यांचा मिळून एवढा ओढा होतो की इंजिन चढावर घसरू लागते. कमी दाबली तर वळणावर संपर्क सुटतो. काम करण्यापूर्वी डबा एका तिरप्या फळीवरून सोडून तो किती दूर घरंगळतो ते पाहून ठेवावे आणि काम झाल्यावर त्याच फळीवरून पुन्हा सोडावा. थोडा फरक पडणारच, पण अंतर निम्म्यावर आले तर तार सैल करावी. ट्रॉलीतून डब्यात जाणारी वायर अतिशय मऊ, शक्यतो सिलिकॉनच्या आवरणाची घ्यावी आणि ती ट्रॉलीच्या खिळ्याजवळूनच वर न्यावी, नाहीतर ताठ वायर वळणावर ट्रॉलीला फिरू देत नाही आणि डबा रुळांवरून उतरतो. दोष मात्र रुळांना दिला जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रुळांवर आणि चाकांवर काळा थर लवकर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसताना चाकेही पुसावीत. नुसते रूळ पुसले तर पहिल्याच फेरीत चाके तो मळ परत पसरवतात.

डबे एकमेकांना तारेने जोडून सर्वांची चाके सर्वांना उपयोगी पडावीत, असा मोह यानंतर होतोच. ही युक्ती चांगली आहे, मात्र जोडणी ब्रिजच्या अलीकडे करू नये, पलीकडे करावी. रुळांच्या तारा थेट जोडल्या आणि एखादा डबा कधी उलटा फिरवून लावला, किंवा अर्धी गाडी उलट ध्रुवतेच्या वळशात शिरली, की सबंध गाडीच शॉर्टसर्किटची तार बनते. प्रत्येक डब्यात स्वतःचा ब्रिज ठेवून त्यापुढची धन आणि ऋण टोके तेवढी जोडली तर डायोड असे उलटे वाहणे होऊ देत नाहीत. गाडी स्वतःभोवती फिरून परत येते अशा वळशाबद्दल एक इशारा द्यायला हवा. वळशाची ध्रुवता आपोआप उलटवणारे यंत्र एका वेळी एकाच टोकाची फट (वीज तोडण्यासाठी रुळांत ठेवलेली) सांभाळू शकते. धातूची चाके लागल्यावर इंजिनच नव्हे तर शेवटचा डबाही फट जोडतो, म्हणून वळसा सबंध गाडीपेक्षा लांब हवा. प्लास्टिकच्या चाकांवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला आखूड वळसा दिवे बसवल्याच्या दिवशी कुरकुर करू लागतो, त्याचे कारण हे. उलटपक्षी एक फायदाही होतो. विजेच्या ओढीवरून रुळखंड व्यापला आहे की नाही हे ओळखणारी यंत्रणा आपल्याकडे असेल, तर दिवे असलेला मागे सुटून राहिलेला डबाही तिला कळतो. ओढ फार कमी ठेवली असेल तर यंत्रणेची संवेदनक्षमता तेवढी तपासून घ्यावी.

जुने तांबूस तंतूचे बल्ब अजून कोणाकडे असतील तर ते डीसीसीवर वापरू नयेत, एवढे जाता जाता सांगतो. माझ्या पहिल्या डब्यात असे चार बल्ब होते. ॲनालॉगवर ते गाडी धावेल तेवढेच तापत. डीसीसी आल्यावर ते रात्रभर पूर्ण दाबावर राहिले आणि सकाळी छताला मधोमध खळगा पडलेला होता. चार बल्बांचे २०० मिलिअँपिअर म्हणजे जवळजवळ ३ वॅट, आणि ते काडेपेटीएवढ्या रुंदीच्या प्लास्टिकच्या नळीत कोंडलेले.

आता डिकोडर. दिवे कायम चालू राहिले तरी चालणार असेल तर त्याची मुळीच गरज नाही. दिवसा दिवे घालवायचे असतील, किंवा शयनयानात मुख्य दिवे मालवून निळा रात्रदिवा तेवढा ठेवायचा असेल, तरच तो घ्यावा. ही दुसरी कल्पना मला स्वतःला फार आवडते. नऊ कप्प्यांचा अंधारा डबा आणि मधून मधून झिरपणारा निळा उजेड, हे दृश्य रात्रीचा प्रवास केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटते. यासाठी इंजिनाचा महाग डिकोडर नको. मोटरविना, केवळ फंक्शनांसाठी (दिव्यांसारख्या चालू-बंद कामांसाठी) मिळणारा डिकोडर पुरतो. त्याची लाल आणि काळी तार रुळांकडे जाते, निळी ही सर्व दिव्यांची समाईक धन तार असते आणि पांढरी, पिवळी वगैरे तारा ऋण बाजू जोडतात-तोडतात. निळ्या आणि पांढऱ्या तारेच्या मध्ये वर सांगितलेले रेझिस्टर-कपॅसिटरचे जाळे जसेच्या तसे चालते. ब्रिज डिकोडरच्या पोटातच असल्याने वेगळा लागत नाही. फंक्शन बंद केल्यावर दिवे लगेच न विझता मंदावत जातात, तो बिघाड नव्हे. निळा दिवा वेगळ्या फंक्शनला जोडावा आणि त्याला स्वतःचा मोठा रेझिस्टर द्यावा, कारण निळी एलईडी अंधारात अपेक्षेहून फार जास्त दिसते.

गाडी नेहमी एकसंध राहणार असेल तर मी सहा डिकोडर घेणार नाही. एका डब्यात एक डिकोडर बसवून डब्यांच्या जोडमार्गातून बारीक तारा आणि लहान प्लग पुढे नेईन. मघाशी सांगितलेली ब्रिजपुढची जोडणी आणि ही जोडणी एकत्र करू नये; दोन्हींपैकी एक निवडावी. प्रकाश मर्यादेत ठेवला असल्याने सहा डब्यांचे मिळून २४ मिलिअँपिअर होतात आणि तेवढा भार कोणताही डिकोडर सहज उचलतो. डबे सुटे वापरायचे असतील तर मात्र प्रत्येकात डिकोडर हवा. अशा वेळी सहाही डिकोडरांना सीव्ही १ मध्ये (डिकोडरचा पत्ता साठवणाऱ्या नोंदीत) एकच पत्ता द्यावा, म्हणजे एका बटणाने सबंध गाडी उजळते.

पत्ता देताना एक अडचण हमखास येते. प्रोग्रॅमिंग रुळावर (डिकोडरमधल्या नोंदी वाचण्या-लिहिण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) डिकोडर आपले उत्तर क्षणभर किमान ६० मिलिअँपिअर वीज ओढून देतो. इंजिनात ते काम मोटर करते. इथे मोटर नाही आणि दिवे ओढतात अवघे ४ मिलिअँपिअर, त्यामुळे कमांड स्टेशन डिकोडर सापडत नसल्याचे सांगते आणि नवा माणूस चांगला डिकोडर खराब समजून परत पाठवतो. निळ्या आणि पांढऱ्या तारेच्या मध्ये, पिवळी वापरली असल्यास निळ्या आणि पिवळ्याच्याही मध्ये, १५० ओहमचा रेझिस्टर तात्पुरता चिमट्याने लावला की वाचन आणि लेखन दोन्ही होते. पत्ता लिहून झाला की छत बसवण्यापूर्वी तो रेझिस्टर आठवणीने काढावा, कारण मांडणीवर दिवे लावताच त्यात सव्वा वॅटच्या आसपास उष्णता तयार होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर ती फार वेळ सोसत नाही.